चटईवरच्या डोळ्यांची उंची

नवा टीव्ही खोक्यातून बाहेर येतो, ड्रिल मशीनची वायर बोर्डात लागते आणि फिटर विचारतो, "काका, किती वर घेऊ?" वाशीम जिल्ह्यातलं रिसोड तालुक्यातलं रिठद असो किंवा आसपासचं कुठलंही गाव, या प्रश्नाचं उत्तर बहुतेक ठरलेलं असतं. "घे ना बाप्पा चांगला वर, पोट्टे हात लावतात." फिटर स्टुलावर चढतो, हात पोहोचेल तिथं पेन्सिलीची खूण करतो आणि चार भोकं पाडून टाकतो. पुढची आठ-दहा वर्षं त्या घरातली माणसं कुठं पाहणार, मान किती वाकवणार, हे या अर्ध्या मिनिटात ठरून जातं. टीव्ही कोणत्या कंपनीचा घ्यावा यावर महिनाभर चर्चा झालेली असते. तो किती उंच लावावा यावर मात्र कुणी बोललेलं नसतं.

खरं तर हे अगदी साधं मोजमाप आहे. त्याला लागते एक मोजपट्टी आणि घरातल्या माणसांची रोजची बसण्याची जागा. घोळ होतो तो उंची भिंतीकडे पाहून ठरवली जाते म्हणून. ती ठरवायची असते बसलेल्या माणसाच्या डोळ्यांवरून.

टीव्ही इतका वर गेला कसा, त्यालाही इतिहास आहे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं, पण खेड्यापाड्यांत टीव्ही पोहोचला तो आधी सगळ्यांचा म्हणून. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात 'साइट' नावाच्या उपग्रह प्रयोगात सहा राज्यांतल्या २,४०० गावांत सार्वजनिक संच बसवले गेले. महाराष्ट्र त्यात नव्हता. सीमेला लागून असलेले विजापूर आणि गुलबर्गा हे जिल्हे मात्र होते. अशा ठिकाणी गावकरी जमिनीवर बसत, मागचे उभे राहत आणि पुढच्यांच्या डोक्यावरून सगळ्यांना चित्र दिसावं म्हणून संच उंचावर ठेवावा लागे. पुढे २५ जानेवारी १९८७ पासून रविवारी सकाळी रामानंद सागरांची 'रामायण' मालिका लागू लागली, तेव्हाही हेच घडलं. ज्याच्या घरी टीव्ही असेल त्याच्या ओसरीवर गल्ली जमायची. मग टेबल ओट्यावर काढायचं आणि टेबलाखाली विटा सरकवायच्या. पन्नास माणसांसाठी ती उंची अगदी बरोबर होती. चहाच्या हॉटेलात, कटिंगच्या दुकानात, एसटी स्टँडवर आजही टीव्ही छताजवळ असतो तो याच कारणानं. तिथली माणसं उभी असतात, येत-जात असतात, आणि त्यांच्या डोक्यावरून नजर जायला हवी असते.

घरात मात्र पाचच माणसं असतात आणि ती बसलेली असतात.

गंमत अशी की घरातला जुना टीव्ही बरोबर जागी होता. काचेच्या नळीचा एकवीस इंची डबा वीस किलोच्या पुढे भरायचा. तो भिंतीवर टांगण्याचा प्रश्नच नव्हता. तो बसायचा टेबलावर नाहीतर लाकडी शोकेसमध्ये, डोक्यावर विणलेला रुमाल घेऊन. छत्रपती संभाजीनगरजवळच्या चितेगावात व्हिडिओकॉनचा कारखाना होता, तिथले असे डबे मराठवाडा-वऱ्हाडातल्या कितीतरी घरांत आले. टेबल अडीच फुटांचं आणि त्यावर दीड फुटाचा डबा, म्हणजे चित्राचा मध्य जमिनीपासून सव्वातीन फुटांच्या आसपास यायचा. कुणी मोजलं नव्हतं, पण वजनानं त्याला डोळ्यांच्या जवळ ठेवलं होतं. पुढे टीव्ही सपाट झाला आणि बत्तीस इंचीचं वजन चार-पाच किलोंवर आलं. दोन खिळ्यांवर टांगता येईल इतका तो हलका झाला आणि भिंत चढू लागला.

भिंतीवर आधीच एक रांग ठरलेली होती. आजोबांचा हार घातलेला फोटो, बाबासाहेबांची किंवा गजानन महाराजांची तसबीर, लग्नातला मोठा फोटो, त्याच्या शेजारी घड्याळ. ही रांग दाराच्या चौकटीच्या वरच्या कडेला, साडेसहा-सात फुटांवर असते. ज्यांच्याकडे आदरानं पाहायचं त्यांना वर लावायचं ही आपली जुनी रीत, आणि ती चांगलीच आहे. पण फोटोकडे माणूस येता-जाता क्षणभर पाहतो. टीव्हीकडे रोज दोन-तीन तास पाहतो. त्या रांगेत टीव्ही जाऊन बसला, तिथं हिशेब चुकला.

आता मोजमाप. टीव्ही लावण्याबद्दल जगभर एक आकडा फिरत असतो, बेचाळीस इंच. चित्राचा मध्य जमिनीपासून बेचाळीस इंचांवर, म्हणजे साडेतीन फुटांवर असावा, असं त्यात सांगितलेलं असतं. हा आकडा आला सोफ्यावर बसणाऱ्या घरांतून. सोफ्याची बैठक साधारण दीड फुटाची, त्यावर रेलून बसलेल्या माणसाचे डोळे दोन फूट वर, असा तो हिशेब आहे. आपल्याकडे संध्याकाळी घर बसतं ते चटईवर, सतरंजीवर, भिंतीला पाठ लावून. एखादा माणूस दिवाणावर, एखादा प्लास्टिकच्या खुर्चीवर. मांडी घालून सैल बसलेल्या मोठ्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण सव्वीस ते तीस इंचांवर असतात. दिवाणावर किंवा खुर्चीवर बसलेल्याचे बेचाळीस ते सेहेचाळीस इंचांवर. एकाच खोलीत, एकाच वेळी, एकाच घरातल्या माणसांच्या डोळ्यांत असा सव्वा-दीड फुटाचा फरक पडतो. सोफ्याच्या घरासाठी लिहिलेल्या सल्ल्यात हा फरक धरलेलाच नसतो.

म्हणून दुसऱ्या कुणाचा आकडा घेण्याआधी आपल्या घरचा आकडा काढावा. रात्री जेवणं झाल्यावर सगळे नेहमीसारखे बसले की एकानं मोजपट्टी घेऊन प्रत्येकाच्या डोळ्यांची जमिनीपासूनची उंची लिहून घ्यायची. मोजताना कुणी ताठ बसू नये, कारण दिवसभर शेतात राबलेलं माणूस टीव्हीपुढे ताठ बसत नाही. ही पाच मिनिटांची कामगिरी घरातल्या शाळकरी मुलांना दिली तर ती हौसेनं करतात. त्यांच्याही डोळ्यांची उंची घ्यायला विसरू नये, ती दोन फुटांच्या आसपासच भरेल.

दुसरं माप अंतराचं. भिंतीपासून बसणाऱ्याच्या डोळ्यांपर्यंत किती फूट? प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचं किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २७० चौरस फूट ठरवलेलं आहे आणि त्यातच स्वयंपाकाची जागाही येते. अशा घराची पुढची खोली फार तर दहा बाय दहाची. समोरच्या भिंतीला टेकून बसलं तर डोळ्यांपासून पडद्यापर्यंत आठ-साडेआठ फूट मिळतात.

आता आठ फुटांवर चटईवर बसलेल्या आजीचा विचार करू. तिचे डोळे अठ्ठावीस इंचांवर आहेत. टीव्हीचा मध्य सहा फुटांवर, म्हणजे बहात्तर इंचांवर लावला, तर तिच्या डोळ्यांपेक्षा तो चव्वेचाळीस इंच वर. तिला नजर जवळजवळ पंचवीस अंश वर उचलावी लागते. त्याच वेळी दिवाणावर बसलेल्या तिच्या मुलाला सोळाच अंश पुरतात, म्हणून त्याला टीव्ही 'ठीक' वाटतो. फिटरला उंची सांगणारा बहुधा तोच असतो. आता तोच टीव्ही साडेतीन फुटांवर आणला तर आजीचा कोन आठ अंशांवर येतो आणि मुलाच्या तर तो थेट नजरेसमोर राहतो. अडीच फूट खाली आणण्यानं सगळ्यात जास्त सुख कुणाला झालं, ते या दोन आकड्यांतच दिसतं.

चित्रपटगृहांच्या दर्जाचे निकष ठरवणारी टीएचएक्स ही अमेरिकी संस्था घरच्या पडद्यासाठी वर पाहण्याची मर्यादा पंधरा अंश सांगते. अंश मोजायला कोन मोजण्याचं साधन घरात नसतं, त्यामुळे एक सोपा हिशेब लक्षात ठेवावा. चार फूट अंतराला एक फूट. पडद्यापासून आठ फुटांवर बसत असाल तर चित्राचा मध्य डोळ्यांपेक्षा दोन फुटांहून जास्त वर नसावा. सहा फुटांवर बसत असाल तर दीड फूट. कोन सुमारे चौदा अंशांचा येतो. मात्र ही शेवटची हद्द आहे. तिच्या जितकं खाली राहता येईल तितकं मानेला बरं.

मानेचं असं का होतं? माणसाचं डोकं साधारण साडेचार ते पाच किलोंचं. ते मानेच्या कण्यावर तोललेलं असतं. डोकं मागे झुकवून धरलं की मानेच्या मागच्या बाजूचे लहान सांधे एकमेकांवर दाबले जातात आणि तिथले स्नायू आखडून राहतात. दहा मिनिटं काही होत नाही. पण मालिकांच्या दोन तासांत तीच मान तशीच राहते. त्यात ज्यांच्या मानेचे मणके झिजलेले आहेत, त्यांना वर पाहिल्यानं दुखणं आणि चक्कर दोन्हींचा त्रास वाढू शकतो. आणि ही मान कुणाची आहे तेही बघायला हवं. या भागात पावसाळ्यात निंदण आणि दसरा-दिवाळीच्या सुमाराला सोयाबीनची सोंगणी. बाया सकाळपासून संध्याकाळपर्यंत कमरेतून वाकलेल्या असतात. घरी येऊन चूल, भांडी आटोपून त्या चटईवर टेकतात, तेव्हा दिवसभर खाली वाकलेल्या मानेला त्या उलट्या बाजूला मोडून ठेवतात, केवळ टीव्ही उंच लावलाय म्हणून. इतक्या सहज टाळता येणारा त्रास रोज सोसायला लावणं बरोबर नाही.

डोळ्यांचंही तसंच. सहज बसलेल्या माणसाची नजर आपोआप समोरच्या रेषेच्या दहा-पंधरा अंश खाली पडते. पुस्तक वाचताना वरची पापणी निम्मी खाली आलेली असते आणि डोळ्याचा थोडाच भाग उघडा राहतो. वर पाहताना पापणी ताणली जाते, जास्त भाग उघडा पडतो आणि अश्रूंचा पातळ थर लवकर वाळतो. १९९३ मध्ये जपानी डॉक्टरांनी संगणकाच्या पडद्यापुढे बसणाऱ्यांचे डोळे तपासून हा फरक मोजून दाखवला होता. त्यात पडदा पाहताना माणूस पापण्याही कमी मिटतो. वरून पंख्याचा वारा. रात्री डोळे चुरचुरतात आणि दोष चष्म्याच्या नंबरला दिला जातो.

म्हणजे मग नेमका कुठं लावायचा? ज्या घरात काही जण खाली आणि काही जण दिवाणावर बसतात, तिथं चित्राचा मध्य जमिनीपासून चाळीस ते बेचाळीस इंचांवर ठेवावा. बत्तीस इंची टीव्हीच्या चित्राची उभी उंची सोळा इंचांना थोडी कमी असते, म्हणून त्याची खालची कड जमिनीपासून पावणेतीन फुटांच्या जरा वर येईल. त्रेचाळीस इंचीचं चित्र एकवीस इंच उभं, त्याची खालची कड अडीच फुटांच्या आसपास येईल. सगळेच खाली बसत असतील तर मध्य तीन फुटांवर आणला तरी चालेल. हे ऐकून अनेकांना 'इतका खाली?' असं वाटतं. तो टेबलावरचा जुना डबा आठवला की ती शंका जाते. तो याच उंचीवर होता.

अपवाद आहेत. अंथरुणाला खिळलेल्या किंवा बराच वेळ लोडाला टेकून अर्धवट पडून राहणाऱ्या माणसाची नजर मुळातच वर वळलेली असते. त्याच्या खोलीत टीव्ही चार-साडेचार फुटांवर आणि थोडा पुढे झुकवून लावणं योग्य. दुभिंगी चष्मा लावणाऱ्यांनी तर पडून पाहताना टीव्ही पायाच्या दिशेला फार खाली ठेवू नये, कारण नजर काचेच्या खालच्या, वाचायच्या भागातून जाते आणि चित्र धूसर दिसतं.

टीव्ही केवढा घ्यावा याचंही उत्तर याच अंतरात आहे. अमेरिकेतल्या चित्रपट-टीव्ही अभियंत्यांच्या संस्थेच्या निकषानुसार चित्रानं नजरेचा आडवा तीस अंशांचा भाग व्यापावा. त्याचा व्यवहारातला अर्थ असा की पडद्याच्या कर्णाच्या साधारण एक पूर्णांक सहा पट अंतरावर बसावं. बत्तीस इंचीसाठी सव्वाचार फूट, त्रेचाळीससाठी पावणेसहा फूट, पंचावन्नसाठी साडेसात फूट. दहा बाय दहाच्या खोलीत या हिशेबानं पंचावन्न इंचीही मावतो, पण एक गोष्ट बघावी. छतावर डीडी फ्री डिशची छत्री असेल, दरमहा पैसे न देता सह्याद्री आणि बाकीच्या वाहिन्या पाहायच्या असतील, तर त्यातली बरीच चित्रं ५७६ ओळींची, साध्या दर्जाची असतात. मोठ्या पडद्यावर ती जवळून फाटल्यासारखी दिसतात. अशा घरात त्रेचाळीस इंची पुरेसा.

उंच लावलेल्या टीव्हीचा आणखी एक तोटा चित्रातच असतो. स्वस्त एलईडी टीव्हीचा पडदा समोरून पाहण्यासाठी केलेला असतो. खालून पाहिलं की काळा रंग राखाडी होतो, चेहरे फिके पडतात. मग रंग वाढवत बसायचं. टीव्ही वरच लावावा लागला, समजा खाली खिडकी आहे किंवा कोठ्या आहेत, तर सपाट ब्रॅकेट घेऊ नये. पुढे झुकणारा ब्रॅकेट घ्यावा आणि पडदा बसणाऱ्याच्या डोळ्यांकडे तोंड करून झुकवावा. मानेचा कोन त्यानं कमी होत नाही, पण चित्र तरी खरं दिसतं.

टिनाच्या घरात तर वर टीव्ही लावूच नये. मे महिन्यात या जिल्ह्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि तापलेल्या टिनाखाली गरम हवा साचून राहते. बहुतेक टीव्हींच्या माहितीपुस्तिकेत चाळीस अंशांपर्यंतच्या तापमानात वापरा असं छापलेलं असतं. चार फूट खाली हवा तुलनेनं थंड असते. यंत्राचं आयुष्यही तिथंच वाढतं.

आता भिंत. सगळ्या भिंती सारख्या नसतात, आणि इथं घाई महागात पडते. विटांच्या भिंतीत ड्रिल करताना आधी राखाडी भुकटी पडते ती प्लास्टरची, मग लाल भुकटी सुरू होते ती विटेची. लाल भुकटी आल्यावर अजून दोन इंच आत गेलं पाहिजे. प्लास्टिकची गिट्टी आणि स्क्रू विटेत बसला तरच तो धरतो, नुसत्या प्लास्टरमध्ये बसलेला स्क्रू काही महिन्यांनी सुटतो. दोन विटांच्या सांध्यात भोक पडलं असेल तर ते बुजवून दुसरं पाडावं. बोर्डाच्या सरळ वर किंवा खाली भोक पाडू नये, तिथून आतली वायर गेलेली असते. जुन्या धाब्याच्या घरातली मातीची भिंत तर गिट्टी धरतच नाही. तिथं भरभक्कम टेबल किंवा लोखंडी स्टँड हाच चांगला उपाय, आणि त्यात कमीपणा काही नाही, उंची आपोआप बरोबर येते.

टीव्हीच्या पाठीवर चार भोकं असतात. त्यांच्यामधलं अंतर 'व्हेसा' या प्रमाणानुसार ठरलेलं असतं. शंभर बाय शंभर मिलिमीटर, दोनशे बाय दोनशे, असं. पण या चार भोकांचा मध्य आणि चित्राचा मध्य दर वेळी एकच नसतो. काही टीव्हींत भोकं बरीच खाली असतात. भिंतीवर खूण करण्याआधी टीव्ही गादीवर पालथा ठेवून वरच्या कडेपासून भोकांपर्यंतचं अंतर मोजावं. ही एक पायरी गाळली की सगळा हिशेब बरोबर करूनही टीव्ही चार-पाच इंच वर जातो.

घर नवं बांधायला काढलं असेल तर प्लास्टर होण्याआधीच टीव्हीचा प्लग साडेतीन फुटांवर, टीव्हीच्या मागे झाकला जाईल असा काढून घ्यावा. पुष्कळ घरांत टीव्ही कुठं लागणार हे बोर्डाच्या जागेवरून ठरतं आणि बोर्डाची जागा गवंडी आणि वायरमन आपसांत ठरवतात. प्लास्टर व्हायच्या आत घरच्यांनी तिथं खडूनं खूण केली तर पुढे लोंबती वायर राहत नाही.

राहिली पोरं. वर लावण्याचं खरं कारण तीच आहेत, आणि ती काळजी खोटी नाही. पण पाच वर्षांचं मूल साडेतीन फुटांचं असतं. हात वर केला की साडेचार फुटांपर्यंत पोहोचतं, खुर्चीवर चढलं की सहा फुटांपर्यंत. उंचीनं टीव्ही वाचत नाही. उलट वर हात घालण्यासाठी खुर्ची-डब्यावर चढलेलं मूल पडण्याची भीती जास्त. ब्रॅकेटच्या खालच्या कडेला दोन लहान स्क्रू असतात, टीव्ही वर उचलला जाऊ नये म्हणून. घाईत ते लावायचे राहून जातात. ते घट्ट लावले आणि लोंबणारी वायर भिंतीला पट्टीनं बसवली की खालचा टीव्हीही ओढून पडत नाही. टेबलावर ठेवलेल्या टीव्हीला मागून भिंतीत हूक मारून पट्ट्यानं बांधावं, टेबलावर टेबलक्लॉथ घालू नये, कारण रांगतं मूल तोच धरून उभं राहतं.

भोकं पाडण्याआधी आणखी एक करून बघता येतं. टीव्ही ज्या खोक्यातून आला त्याचा पुठ्ठा टीव्हीच्या मापाचा कापायचा आणि ठरवलेल्या उंचीवर चिकटपट्टीनं भिंतीला लावायचा. दोन संध्याकाळी तसाच ठेवायचा. आजी चटईवर, आजोबा दिवाणावर, पोरं पुढ्यात, सून स्वयंपाकघराच्या दारात पाटावर. दारातून येणारा उजेड त्या पुठ्ठ्यावर कुठं पडतो तेही दिसेल, म्हणजे उद्या पडद्यावर दाराचं प्रतिबिंब पडणार का ते आधीच कळेल. आजीला विचारायचं, "मान दुखते का?" ती "नाही रे" म्हणाली, आणि तिची पाठ भिंतीला टेकलेलीच राहिली, तर पुठ्ठ्याच्या चारी कोपऱ्यांवर पेन्सिलीनं खुणा करायच्या, गवंड्याकडून पाण्याची नळी आणून दोन्ही बाजू समपातळीत आहेत का बघायचं, आणि मग फिटरला फोन करायचा.